आमच्या घरचं नरसाळं

आमच्या घराण्यावर आकाशाची कृपा हाय. हे मी म्हणत न्हाय, आमचे आजोबा म्हणायचे, आणि म्हणताना आवाज असा लावायचे की ऐकणाऱ्याचा हात आपोआप कपाळाकडं जायचा. आता काय सांगू तुम्हाला, कृपा खरी का खोटी ते मला ठाऊक न्हाय, पण आकाशातनं आमच्या घरात नेमकं काय आलं ते मला आता पक्कं ठाऊक झालंय, आणि ते झालं नसतं तर मी सुखानं गेलो असतो.

मी येळ्ळूरचा. भाताची शेती, घरात दोन म्हशी, आणि काविळीचं औषध. औषध म्हणजे आमच्या खापरपणज्यापासनं चालत आलेलं, एक पाला हाय, त्याचं नाव सांगायचं न्हाय अशी रीत, तो वाटून ताकातनं द्यायचा, रविवारी आणि बुधवारी, दिवस उगवताना, उपाशीपोटी. एक पैसा घ्यायचा न्हाय. नारळसुद्धा घ्यायचा न्हाय. जांबोटीच्या रानातनं माणसं पहिल्या एस्टीनं येत्यात, आधी एस्टीपर्यंत चालत येत्यात, निपाणीकडनं येत्यात, गाडीवाले येत्यात, आणि सगळी एका ओळीत अंगणात बसत्यात. डॉक्टर लोक म्हणत्यात, कावीळ बरेचदा आपली आपणच बरी होती. असंल. आमची आक्कासुद्धा आधी रक्ताचा रिपोर्ट मागती आणि आकडा लई चढलेला दिसला की सरळ दवाखान्याकडं पाठवून देती, माझ्या दारात मरू नको बाबा म्हणती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा लवकर गेला, माघारी आली, आणि दादांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, औषध तिच्या हातात दिलं. मला न्हाय दिलं. तुझ्या हाताला लाकडाचा भुस्सा असतोय म्हणाले. तिला काय शाळा न्हाय, काय न्हाय, पण गावात कुणी तिला नुसतं नावानं हाक मारत न्हाय. पंचायतीचा मेंबर आला तरी अंगणात चप्पल काढून येतोय. तिची जी काय मिळकत हाय ती ही एवढीच.

तर ते नरसाळं. इंग्रजांच्या वेळच्या मोठ्या लढाईत आमचे आजोबा सांबऱ्याच्या विमानतळावर ओझी उचलायला होते. लढाई संपली, तिथलं भंगार इकडं तिकडं गेलं, त्यातनं आजोबांनी एक अल्युमिनचं नरसाळं आणलं. त्याच्या आधी औषध पळसाच्या पानातनं देत होते, सांडायचं. मग नरसाळ्यातनं द्यायला लागले. माणसानं उगवतीकडं तोंड करून बसायचं, खालचं निमुळतं टोक तोंडात धरायचं, आणि वरनं आक्का ओतती. एकाचं झालं की कडकडीत पाण्यानं धुवायचं, मग दुसरा. आता नरसाळं म्हटलं की तोंड गोल असतंय का न्हाय? ह्याचं गोल न्हाय. लांबट, चपटं, एका बाजूला जरा मुरडलेलं, आणि कडेला अडकवायला आकडा. मी लहानपणी विचारलतं आजोबांना, हे असं वाकडं का? तर म्हणाले, विमानाला तेल पाजायचं पात्र हाय रं ते, विमानाचं तोंड तसंच असतंय. आणि म्हणाले, जे विमानाला वर चढवतंय ते माणसाला का उठवणार न्हाय? ह्याच्यावर काय बोलणार तुम्ही. खंडेनवमीला घरात कोयता, विळा, माझी पटाशी, रंधा, सगळ्यांची पूजा, पण पहिलं कुंकू नरसाळ्याला.

मी उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला गेलो. पॅटर्न शॉपमध्ये. म्हणजे बघा, लोखंड ओतायचं तर वाळूत साचा पाडावा लागतोय, आणि साचा पाडायला आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागती, ती करणारा मी. सगळा जन्म त्यात गेला. कुठलीबी ओतीव वस्तू हातात दिली की तिचा सांधा कुठनं गेलाय, कुठल्या अंगानं ती साच्यातनं निघालीया, एवढं मला कळतंय. ती कशासाठी हाय ते कळत न्हाय. हा फरक मला म्हातारपणी कळाला, तोच तर सांगायलोय.

रिटायर झालो आणि आमच्या फौंड्रीच्या धाकट्या मालकांनी बोलावलं. त्यांनी कुठनंतरी एक जुनं विमान विकत आणलतं. शिकाऊ पायलटांचं, पुढं-मागं दोन सीटांचं. विमान म्हणजे काय, सांगाडा एकीकडं, पंख एकीकडं, आणि बाकीचं सगळं पोत्यात. कांदे भरत्यात तसं. शेडमध्ये पोती ओतली आणि म्हणाले, नारायणमामा, ह्यातलं काय कशाचं हाय ते हुडकायचं. मी, एक जुना टर्नर, एक वेल्डर आणि हिरेमठसर. हिरेमठसर एअर फोर्सातनं रिटायर झालेले, त्यांना खरं ठाऊक, आम्हाला हौस. दर शनिवारी दुपारी जमायचं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठ्यांवरनं पहिल्याच दिवशी लागली. मी मराठीत लिहिलं, सरांनी कन्नडात लिहिलं, दोघं एकमेकांकडं बघायला लागलो, मालक म्हणाले इंग्लिश घाला, तर वेल्डर म्हणाला मला वाचता येत न्हाय. शेवटी नुसते नंबर घातले. नंबरावर अजून आमच्याकडं कुणी मोर्चा काढलेला न्हाय.

ज्या वस्तूचं काहीच कळायचं न्हाय ती एका मोठ्या ट्रेमध्ये. त्या ट्रेला आम्ही अनाथाश्रम म्हणत होतो. आणि एखादीची ओळख पटली की मालक तिचं बारसं करायचे. खरंच. घुगऱ्या शिजवून आणायचे घरनं, वाटायचे, वस्तूचं नाव मोठ्यानं घ्यायचं, टाळ्या. शेपटाकडच्या चाकाचा चिमटा, पंखाची वायर ताणायचा स्क्रू, वाऱ्याचा वेग मोजायची नळी, असली बरीच बारशी झाली. चुकासुद्धा लई झाल्या. एक दांडी मी छातीठोकपणे ब्रेकची म्हणून सांगितली, घुगऱ्या खाऊन झाल्या, आणि मग टर्नर म्हणाला हे उसाच्या रसाच्या गाड्याचं हाय, माझ्या मेव्हण्याचा गाडा होता. एकदा महिनाभर ज्याच्यावर डोकं लावलं ते कुणाच्यातरी जेवणाच्या डब्याची कडी निघाली. हसायचं आणि पुढं जायचं. त्यात काय लाज वाटली न्हाय.

मग एका शनिवारी अनाथाश्रमात तळाला मला ते दिसलं. काळं, मळानं भरलेलं, पण तोंड लांबट, चपटं, एका बाजूला मुरडलेलं, कडेला आकडा. मी तिथंच खाली बसलो. म्हणालो, मालक, हे आमच्या घरचं हाय. म्हणजे ह्याचा भाऊ आमच्या घरी हाय. हे तेल पाजायचं पात्र. आणि मग मी सगळं सांगितलं, आजोबा, सांबरा, कावीळ, आक्का. हिरेमठसर नेमके त्या महिन्यात मुलीकडं धारवाडला गेलते. विरोध करायला कुणीच न्हाय. मालकांच्या डोळ्यात पाणी. म्हणाले, मामा, हे साधं बारसं न्हाय व्हायचं, हे मोठं करू.

मोठं केलं. मांडव, माईक, हार. प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक, ते येताना बरोबर शालीसुद्धा स्वतःच घेऊन आलते, कुणी विसरायला नको म्हणून. आणि मी शहाण्यानं काय केलं, आक्काला नेलं. ती येत नव्हती. ती म्हणाली, औषधाचा गाजावाजा करायचा नसतोय रं नारू. मी म्हटलं, आक्का, घराण्याचं नाव होतंय. तिला स्टेजवर बसवली, इरकल नेसून, मांडीवर ताट, ताटात आमचं नरसाळं, हळदी-कुंकू लावून. शेजारी टेबलावर विमानाचं. मला जन्मात कधी भाषण येत न्हाय, पण त्या दिवशी काय झालतं कुणास ठाऊक, मी आजोबांचाच आवाज लावला. विमानाला तेल, माणसाला औषध, आकाश आणि माती, असलं कायकाय बोललो.  माझाच ऊर भरून आला.

मग पाहुणे उठले. म्हणाले, मलासुद्धा हल्ली लिव्हरचा जरा त्रास हाय, मातोश्रींच्या हातनं मीसुद्धा प्रसाद घेणार. आक्का म्हणाली, आज वार न्हाय. पण माईकवर मागितलेल्याला कसं नाही म्हणणार, आणि मी हौसेनं तांब्यात औषध आणूनच ठेवलतं. ती आमचं नरसाळं उचलायला गेली तर पाहुणे म्हणाले, न्हाय न्हाय, ह्या ऐतिहासिक विमानाच्या पात्रातनंच द्या. मी ते टॉवेलानं पुसलं आणि आक्काच्या हातात दिलं. पाहुण्यांनी उगवतीकडं तोंड केलं, डोळे मिटले, टोक तोंडात धरलं, आणि आक्कानं ओतलं. फोटो निघाला. टाळ्या. घुगऱ्या.

पुढच्या शनिवारी हिरेमठसर आले. मालकांनी तो फोटो मोठा करून शेडमध्ये लावलता. सर त्याच्यापुढं उभे राहिले. लई वेळ उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, नारायणराव, हे गृहस्थ काय करायलेत? मी म्हटलं, औषध घ्यायलेत. ह्यातनं? व्हय. अय्यो, म्हणाले सर, आणि खुर्ची ओढून बसले.

मग मला म्हणाले, चला जरा. मला विमानाच्या मागच्या सीटवर बसवलं. म्हणाले, सीटच्या खाली हात घाला, काय लागतंय? मी म्हटलं, एक क्लिप हाय. म्हणाले, ते पात्र त्या क्लिपला अडकवा. अडकवलं. असं बसलं जसं तिथंच जन्मलेलं. म्हणाले, आता खाली बघा, रबराची नळी दिसती का? दिसती. ती कुठं जाती? विमानाच्या पोटातनं बाहेर. मी म्हटलं, तेल बाहेर कशाला काढायचं? सर माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, नारायणराव, पायलट वर गेला की तास न् तास वरच असतोय. मध्येच विमान बाजूला लावून खाली उतरता येतंय व्हय?

 मला ते तोंड लांबट का ते कळालं, मुरडलेलं का ते कळालं, बसल्या जागी हाताशी यावं म्हणून आकडा का ते कळालं. सगळं आयुष्य वस्तूचा आकार बघून काम केलं आणि घरातल्या वस्तूचा आकार एकदासुद्धा नीट बघितला न्हाय. सर दुसरीकडं तोंड करून उभे होते. हसत नव्हते ते, पण त्यांचा शर्ट हलत होता. मी म्हटलं, सर, कुणाला सांगू नका. म्हणाले, छे छे. भला माणूस.

घरी आलो तर आक्का अंगणात बसून नरसाळं चिंच लावून घासायलेली. दुसऱ्या दिवशी रविवार. मी तसाच परत बाजारात गेलो. पहाटे उठलो, नरसाळं भाताच्या कणगीमागं टाकलं, आणि बाजारातनं आणलेलं नवं स्टीलचं तिच्या ताटात ठेवलं. अंगणात माणसं बसलेली, पहिला गडी आ करून तयार, आणि आक्का म्हणाली, हे काय आणलंस रं? मी म्हटलं, नवं, चकचकीत. ती म्हणाली, आपलं कुठाय? मी म्हटलं, सापडंना. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझं तोंड तिला जन्मापासनं पाठ. म्हणाली, परसात चल.

परसात गेलो. आता हे कसं सांगायचं थोरल्या बहिणीला, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, आक्का, ते तेलाचं न्हाय. मग कशाचं? पायलटचं. पायलटचं म्हणजे? म्हणजे वर असताना त्याला, त्याला लागलं तर. काय लागलं तर? मी परसातल्या मोरीकडं बघितलं. तिनंबी मोरीकडं बघितलं. आणि तिला कळालं.

पदर तोंडाला लावून ती दगडावर बसली. पहिल्यांदा म्हणाली, दादांना ठाऊक होतं? मी म्हटलं, न्हाय, देवाशपथ न्हाय. आजोबांना? हे विचारताना तिलाच आठवलं. म्हणाली, आजोबांना कावीळ झालती तेव्हा मी होते, त्यांनी नरसाळं बाजूला सारून वाटीतनं घेतलतं, मला वाटलं म्हातारपणानं. मग एकदम म्हणाली, आणि त्या नगरसेवकाला आपण दिलं ते? मी म्हटलं, ते विमानातलंच, अस्सल. ते धुतलं होतंस? पुसलं होतं. आक्कानं कपाळाला हात लावला.

त्या दिवशी तिनं औषध दिलं न्हाय. मला बरं न्हाय म्हणून सांगून माणसं परत पाठवली. बुधवारी तेच. ती चुलीपुढं पाठ करून बसायची आणि मी दारात उभा राहून नाही म्हणायचो. जांबोटीकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आलती, त्याची नखंसुद्धा पिवळी, ती म्हणाली, बाळा, आता रविवारपर्यंत काय करू, मी न्हाय जाणार, इथंच ओट्यावर पडून राहती. आणि खरंच गेली न्हाय, नातवाला घेऊन गावातच ओळखीच्या घरी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारशाच्या हौसेपायी मी आक्काचा हात बंद पाडला. तिनं कुणाचं काय वाईट केलतं? दादांनी ते माझ्या हातात दिलं न्हाय ते बरोबरच केलं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

रविवारी मी उठलो तर आक्का अंघोळ करून अंगणात बसलेली. पुढं दोन ताटं. एकात आमचं जुनं, एकात स्टीलचं. माणसं जमली. आणि ती उभी राहिली, जी बाई कधी चारचौघांत मोठ्यानं बोलत न्हाय ती, आणि म्हणाली, बसा सगळी, एक सांगायचं हाय. हे जुनं भांडं विमानातलं हाय, हे तुम्हाला ठाऊक हाय. ते कशाचं होतं ते आम्हाला आता कळालंय. पायलटच्या मुताचं होतं. आमच्या तीन पिढ्यांनी ते घासलंय, उकळत्या पाण्यानं धुतलंय, पण होतं ते होतं. हे नवं स्टीलचं. ज्याला ज्यातनं पाहिजे त्यानं त्यातनं घ्यावं, ज्याला नको त्यानं घरी जावं, माझा राग न्हाय.

मी खांबाआड तोंड लपवून उभा.  एक इंजिनिअरिंगचा पोरगा बसलता, तो म्हणाला, मला स्टील. बाकी कुणी हलंना. मग ती जांबोटीची म्हातारी नातवाला पुढं ढकलत उठली. म्हणाली, आक्का, विमानात बसणारा म्हणजे गोरा सायब असणार न्हवं? आक्का म्हणाली, असंल. तर म्हातारी म्हणाली, मग चांगल्या घरचाच की, दे त्यातनंच. मागनं एकजण म्हणाला, आमच्या नळाला काय येतंय त्यापेक्षा बरं. हशा झाला. आक्का हसली न्हाय, पण तिनं जुनं उचललं. त्या दिवशी पोरगा सोडून सगळ्यांनी जुन्यातनं घेतलं, आणि शेवटी पोरगासुद्धा म्हणाला, आँटी, त्यातनं घेतल्यानं लवकर गुण येतोय का?

तर असं झालं. आक्काचा मान होता त्याच्यापेक्षा वाढला, खरं बोलली म्हणून लांबनं माणसं येत्यात. खाली मान घालून फिरतोय तो मीच. बाजारात कुणी जुना ओळखीचा भेटला आणि म्हणाला, नारायणराव, तुमचं ते विमानाचं, की मी लगेच पावसापाण्याचं काढतोय. मालकांना मी सांगितलं, त्यांनी घुगऱ्यांचं पातेलं होतं तिथंच खाली ठेवलं आणि शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले. पण नगरसेवकांना कुणी सांगितलेलं न्हाय. मी तीनदा त्यांच्या ऑफिसच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. आत टेबलाच्या मागं तोच फोटो लावलाय, फ्रेम करून, आणि त्यांना गुण आलाय. खरंच आलाय, रिपोर्ट नॉर्मल हाय. ते जातील तिथं सांगत्यात, मी ऐतिहासिक पात्रातनं प्राशन केलं. प्राशन म्हणत्यात. मी तो शब्द ऐकला की मला जमिनीनं पोटात घ्यावं वाटतंय. सांगितलं तर त्यांची लाज, न सांगितलं तर माझी. सध्या माझी चालू हाय. चालू दे. त्यांचं लिव्हर चांगलं राहू दे, तुमचं राहू दे, सगळ्यांचं राहू दे.

तुम्ही एवढा वेळ ऐकून घेतलंत, पण मघाधरनं बघतोय, तुमचे डोळे जरा पिवळट दिसायलेत. रविवारी या, उपाशीपोटी, रिपोर्ट घेऊन. आक्का दोन्ही ताटं ठेवती. औषध घेतल्यावर लघवीला लई होती, मोरी परसात हाय.